ब्लेसचा फासा टाकलास का?

नव्या मोहिमेसाठी चार-पाच जण टेबलाभोवती जमले की पहिला अर्धा तास फार छान जातो. एकाचा योद्धा अनाथ असतो, त्याचं गाव ड्रॅगननं जाळलेलं असतं. एकीची जादूगार विद्यापीठातून हाकललेली असते, कारण तिनं नको तो ग्रंथ वाचला. तिसऱ्याचा चोर बापाकडून सैतान असतो आणि सूडही त्याला त्या बापाचाच घ्यायचा असतो. सगळे एकमेकांच्या दुःखांना मनापासून दाद देतात. मग डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, राक्षसांच्या वतीनं फासे टाकणारा आणि बहुधा ज्याच्या घरचा चहा आपण पितो तो गृहस्थ, विचारतो, "आणि क्लेरिक कोण?"

अनाथ योद्धा मोबाइल काढतो. विद्यापीठातून हाकललेली बाई वाटीच्या तळाचा चिवडा वेचायला लागते. सैतानाचा मुलगा बाथरूम कुठे आहे म्हणून विचारतो. या घरी तो कॉलेजपासून येतोय.

उत्तर आमच्याकडे ठरलेलं आहे. जो सगळ्यात उशिरा पोचेल तो क्लेरिक. मी सिंहगड रोडला राहतो, टेबल कोथरूडला आहे, त्यामुळे मी क्लेरिक आहे. माझ्या पात्राची जी काही देवावरची श्रद्धा आहे ती सगळी राजाराम पुलावरच्या वाहतुकीतून आलेली आहे.

ज्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. डीएम प्रसंग सांगतो, आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्राचा जो पेशा असतो त्याला क्लास म्हणतात. काही क्लास मारतात. काही क्लास मारणाऱ्यांना जिवंत ठेवतात, त्यांचा नेम सुधारतात, त्यांना धीर देतात. या दुसऱ्या मंडळींना सपोर्ट म्हणतात. मारणाऱ्यांचं कौतुक करायला ते स्वतः समर्थ आहेत. मला सपोर्टवाल्यांबद्दल बोलायचं आहे.

त्यांची तुलना सुरू झाली की लोक ताबडतोब आकडे काढतात. कोण एका फेरीत किती जखमा भरतो, कुणाकडे किती स्पेल स्लॉट, म्हणजे दिवसात किती मंत्र टाकता येतील त्याचा कोटा. हे आकडे मीही काढणार आहे, कारण मला दुसरं काही येत नाही. पण क्लेरिकच्या खुर्चीत बसून माझं जे मत बनलं आहे ते वेगळं आहे. सपोर्ट क्लास चांगला की वाईट हे त्याच्या ताकदीवर ठरत नाही. त्यानं दिलेली मदत समोरच्याच्या लक्षात राहते का, यावर ठरतं. आणि ती राहत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की कोणत्या क्लासला किती वेळा आठवण करून द्यावी लागते.

क्लेरिक, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा पुजारी, हा यातला सगळ्यात जुना. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ छापला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. चोरालासुद्धा पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. क्लेरिकची जन्मकथा मात्र फारशी सात्त्विक नाही. पुस्तक छापण्याआधी मिनेसोटात आर्नेसनच्या घरच्या खेळात एक गडी सर फँग नावाचा व्हँपायर होऊन बसला होता आणि कुणाला आवरेना. त्याच्यावर उतारा म्हणून दुसऱ्याला धर्मोपदेशक केलं. म्हणजे ज्या क्लासकडे आज सगळे मलमपट्टी मागत येतात त्याचा जन्म कुणाला बरं करण्यासाठी झालेला नाही. डोईजड झालेल्या एका मित्राला ठिकाणावर आणण्यासाठी झाला.

त्या पहिल्या पुस्तकात आणखी एक गंमत होती. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, क्लेरिकला एकही स्पेल मिळत नसे. एक देखील नाही! मदतनीस म्हणून नेमणूक, आणि मदत दुसऱ्या लेव्हलपासून. शिवाय धारदार शस्त्र वापरायचं नाही, फक्त गदा, सोटा, हातोडा. धर्मगुरूंनी रक्त सांडू नये, अशी त्यामागची कल्पना सांगतात. बायो गावच्या प्रसिद्ध भरतकामात, १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत, बिशप ओडो सोटा उगारून घोडा दामटताना दिसतो. माणसाचं रक्त सांडायचं नाही, पण डोक्यात सोटा घालायला हरकत नाही, हा बारकावा ज्यांना सुचला त्यांना नियमांची पुस्तकं लिहायला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता आकडे. २०१४ मध्ये खेळाची पाचवी आवृत्ती आली, बहुतेक लोक तीच खेळत आले आहेत. तिच्यात ओग्र नावाचा एक मध्यम दर्जाचा, फारसा न शिकलेला राक्षस आहे. तो सोट्यानं मारतो आणि सरासरी १३ एचपी नेतो. एचपी म्हणजे तुमच्यातला जीव, आकड्यात मोजलेला. याला उत्तर म्हणून नवखा क्लेरिक आपली पूर्ण पाळी खर्चून, जखमी माणसापर्यंत चालत जाऊन, त्याच्या अंगाला हात लावून 'क्युअर वूंड्स' टाकतो. आठ बाजूंचा एक फासा, अधिक तीन. सरासरी साडेसात. म्हणजे ओग्रनं फक्त ओग्र राहायचं आणि मी जीव तोडून काम करायचं, तरी दर फेरीला साडेपाचाचा खड्डा. शिवाय ओग्रला स्पेल स्लॉट लागत नाहीत. तो संध्याकाळपर्यंत मारू शकतो.

हुशार क्लेरिक मग वेगळा विचार करतो. या खेळात एचपी शून्याच्या खाली मोजत नाहीत. फायटरकडे, म्हणजे आपल्या योद्ध्याकडे, दोन उरलेत आणि ओग्रनं तेरा मारले, तर दोन जातात आणि अकरा वाया जातात. फायटर बेशुद्ध पडतो, बस. (उरलेला मार त्याच्या पूर्ण एचपीएवढा असला तर तो जागच्या जागी मरतो, पण तसं सहसा नवख्यांचंच होतं.) मग 'हीलिंग वर्ड' नावाचा स्पेल आहे. तो साठ फुटांवरून टाकता येतो, नुसते शब्द उच्चारायचे, त्याला पूर्ण पाळीही लागत नाही. चार बाजूंचा फासा, अधिक तीन. फायटर उठतो. आणि उठलेला फायटर, अंगात चारच एचपी असले तरी, पन्नास असताना जेवढ्या जोरात मारत होता तेवढ्याच जोरात मारतो. पुढच्या फेरीत ओग्र पुन्हा तेरा मारतो, चार जातात, नऊ वाया. हिशेबानं बघितलं तर ओग्रचं नुकसान करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आपला माणूस वारंवार पडू देणं.

हे फायटरला समजावून सांगणं अवघड जातं.

"अरे, दोनच उरलेत माझे. बरं कर ना."

"अजून पडला नाहीस."

"पडायची वाट बघतोयस?"

"हो."

"माणुसकी नावाची काही गोष्ट आहे की नाही?"

"आहे ना. साठ फुटांवरून आहे."

२०२४ मध्ये सुधारित पुस्तक आलं आणि त्यात 'क्युअर वूंड्स'चा फासा दुप्पट झाला. आता सरासरी बारा. ओग्र अजून तेरावरच आहे. पन्नास वर्षांच्या संशोधनानंतर क्लेरिक एका एचपीनं मागे आहे, ही प्रगती मी नाकारत नाही.

खरं म्हणजे क्लेरिकचं मोठेपण बरं करण्यात नाहीच. ते 'ब्लेस'मध्ये आहे. पहिल्या लेव्हलचा साधा स्पेल. तीन जणांना आशीर्वाद द्यायचा. मग त्यांनी हल्ला करताना किंवा संकटातून निसटताना वीसच्या फाशाबरोबर चार बाजूंचा एक फासा टाकायचा आणि तो आकडा मिळवायचा. चार बाजूंचा फासा म्हणजे तो टोकदार, पायाखाली आला तर ओग्रपेक्षा जास्त नुकसान करणारा. त्याची सरासरी अडीच. वीसच्या फाशावर अडीच म्हणजे साडेबारा टक्के. याचा सरळ अर्थ असा की ब्लेस मिळालेल्या माणसाच्या दर आठ वारांतला साधारण एक, जो एरवी हुकला असता, तो लागतो. आठातला एक वार माझा आहे. ज्या वारानं ड्रॅगन मेला तो त्या आठातला होता की नाही, हे फासे बघून स्पष्ट सांगता येतं. पण ते सांगायचं कुणाला? फायटर तोवर खुर्चीवर उभा राहिलेला असतो.

पण तेही पुढचं. आधी तो फासा टाकला गेला पाहिजे.

"चौदा," फायटर म्हणतो.

"हुकला," डीएम म्हणतो.

"ब्लेसचा फासा टाकलास का?" मी म्हणतो.

"अरे हो की!"

हा संवाद आमच्याकडे इतका नियमित होतो की मी झोपेतही तो म्हणतो, असं घरचे सांगतात. फायटर विसरभोळा नाही. कोणत्या शत्रूनं कोणत्या फेरीत त्याला किती मारलं हे तो महिन्यानंतर सांगू शकतो. आपल्या नव्या तलवारीचा अधिक एक तो कधी विसरलेला नाही. स्वतःच्या कागदावर लिहिलेलं सगळं त्याच्या लक्षात राहतं. दुसऱ्याच्या कागदावरून आलेलं राहत नाही. मी एकदा तो फासाच त्याच्या पुढ्यात ठेवून पाहिला. त्यानं त्यावर चहाचा कप टेकवला.

'गाइडन्स' हा त्याच जातीचा दुसरा स्पेल. तो फुकट आहे, हवा तितक्या वेळा टाकता येतो; कुलूप उघडणं, भिंत चढणं, कुणाला पटवणं अशा कामांना चारचा फासा जोडून देतो. २०२३ मध्ये 'बॉल्डर्स गेट ३' हा संगणकावरचा खेळ आला, त्यात शॅडोहार्ट नावाची क्लेरिक आहे, आणि तो खेळ खेळून टेबलावर येणारी मंडळी गाइडन्स मागूनच श्वास घेतात. संगणकावर ते ठीक आहे. टेबलावर डीएम विचारतो, तू हा स्पेल टाकतोस म्हणजे नक्की काय करतोस? मंत्र मोठ्यानं म्हणावा लागतो, हातवारे करावे लागतात, माणसाला हात लावावा लागतो. म्हणजे आमचा चोर राजासमोर उभा राहून, "महाराज, मी तो मुकुट चोरलेला नाही," असं म्हणत असताना मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून हवेत बोटं नाचवत काहीतरी पुटपुटतो आहे. राजाला संशय आला तर त्याचं काय चुकलं?

बार्डची गोष्ट वेगळी, कारण बार्ड होण्यात लाज नाही. क्लेरिक नको म्हणणारे लोक बार्ड व्हायला तयार असतात. गाणं असतं, टोपीत पीस असतं, कुणाशीही बोलायला मिळतं. पूर्वी ही इतकी सोपी गोष्ट नव्हती. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये बार्ड पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात टाकलेला होता. त्याला आधी फायटर म्हणून किमान पाच लेव्हल काढाव्या लागत, मग ते सोडून चोर म्हणून पुन्हा पाच, आणि एवढं झाल्यावर ड्रुइडांच्या, म्हणजे जंगलातल्या पुजाऱ्यांच्या, हाताखाली खरी बार्डगिरी सुरू. मारामारी, चोरी आणि वनवास हे तिन्ही झाल्याशिवाय गाण्याला हात लावायचा नाही. आमच्या काही शास्त्रीय गायक मित्रांच्या मते ही अट थोडी सौम्यच आहे.

हल्लीचा बार्ड पहिल्या लेव्हलपासून 'इन्स्पिरेशन' वाटतो. एखाद्याला उद्देशून दोन उत्साहाचे शब्द बोलायचे, की त्याला सहा बाजूंचा एक फासा मिळतो. तो त्यानं गरजेच्या वेळी वापरायचा. इथे ब्लेसच्या नेमका उलटा प्रकार होतो. ब्लेसचा फासा लोक विसरतात. इन्स्पिरेशनचा फासा लोक जपतात. फासा हाती आला की आमच्या जादूगारबाईंचा चेहरा बदलतो. त्या तो दौतीजवळ, सरळ रेषेत, सहाचा आकडा वर करून ठेवतात. मग त्यांच्यावर जाळं पडतं. "फासा वापर ना!" "राहू दे, पुढे लागेल." मग विषारी बाण येतो. "आता तरी?" "एवढ्याशा बाणाला?" २०१४ च्या नियमात त्या फाशाचं आयुष्य दहा मिनिटं होतं, गोष्टीतली दहा मिनिटं. ती संपतात. २०२४ मध्ये ते एक तास केलं. आता त्या तासभर जपतात आणि मग तो संपतो. बार्डनं प्रेरणा दिल्याचा पुरावा शेवटपर्यंत दौतीशेजारी चकाकत असतो, आणि जादूगारबाई जाळ्यात असतात.

तरीही बार्डला मी वरचा नंबर देतो, तो एका वेगळ्या कारणासाठी. 'व्हिशस मॉकरी' नावाचा त्याचा स्पेल आहे. शत्रूला लागेल असं बोलायचं. ते मनाला लागलं, तर २०१४ च्या नियमात चार बाजूंच्या फाशाइतकं नुकसान होतं आणि वर त्याचा पुढचा वार ढिला पडतो. हा सपोर्टच आहे, फक्त तो आपल्या माणसाच्या पाठीवर थाप मारून नव्हे तर शत्रूचा आत्मविश्वास काढून घेऊन केलेला. याची कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही, कारण ज्याचा अपमान होतो तो डीएम असतो, आणि डीएम अपमान विसरत नाही.

आमच्या टेबलावर नियम आहे की नुसतं "मी मॉकरी टाकते" म्हणून चालणार नाही, खरोखर बोलून दाखवायचं. आमची बार्ड सदाशिव पेठेत वाढलेली आहे. एकदा ती ओग्रकडे वळली आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणाली, "काका, घरचे काही बोलत नाहीत का हो तुम्हाला?"

डीएमनं आक्षेप घेतला, की ओग्रला मराठी येत नाही. बार्डनं २०१४ चं पुस्तक उघडून दाखवलं: लक्ष्याला ते ऐकू आलं पाहिजे, समजलंच पाहिजे असं नाही. ओग्रचे दोन एचपी उरले होते. तिनं तीन टाकले. एवढा मोठा देह, आणि खेदानं गेला.

ड्रुइडबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण ऐन वेळी तो अस्वल असतो. जंगलाचा हा पुजारी खरं तर उत्तम मदतनीस आहे. त्याच्याकडे 'गुडबेरी' आहे: एका स्पेलमध्ये दहा बोरं, प्रत्येक बोरानं एक एचपी, आणि एक खाल्लं की दिवसभराची भूक भागते. एक एचपी ऐकायला किरकोळ वाटतं, पण पडलेल्याला उठायला एकच लागतो हे आपण ओग्रच्या प्रकरणात पाहिलं. म्हणजे ही दहा पुनर्जन्मांची पुरचुंडी आहे. हिशेबी लोक आणखी पुढे गेले. लाइफ डोमेन नावाच्या क्लेरिकचा एक गुण आहे, पहिल्या लेव्हलचा कोणताही बरं करणारा स्पेल टाकला की वर तीन एचपी जास्त. मग एक लेव्हल त्या क्लेरिकची घ्यायची, बाकी ड्रुइडच्या, आणि प्रत्येक बोर चारचं. एका स्लॉटमध्ये चाळीस एचपी. २०१४ च्या नियमाच्या अक्षरांत हे बसतं. डीएमच्या चेहऱ्यावर बसत नाही. पण हे सगळं ड्रुइड माणसाच्या रूपात असेल तर. अस्वल झाला की त्याला स्पेल टाकता येत नाहीत, आणि ज्याला अस्वल होता येतं तो माणूस म्हणून बसून बोरं वाटत राहील, ही अपेक्षा मला तरी करवत नाही.

पॅलडिन स्वतःला सपोर्ट मानत नाही. तो चिलखतातला धर्मवीर आहे. त्याचे सगळे स्पेल स्लॉट 'स्माइट'मध्ये, म्हणजे तलवारीचा घाव आणखी जोरात बसवण्यात जातात. पण त्याच्याजवळ 'ले ऑन हँड्स' आहे: लेव्हलच्या पाचपट एचपीचा साठा, हवा तसा खर्चायचा. पाचव्या लेव्हलला पंचवीस. नवखे पॅलडिन एका जखमी मित्रावर ते पंचवीसच्या पंचवीस ओततात आणि डोळे मिटून घेतात. मुरलेला पॅलडिन पडलेल्याच्या कपाळाला बोट लावतो आणि म्हणतो, "एक." तो उठतो. पुन्हा पडला की पुन्हा बोट. "एक." अशी पंचवीस माणसं उठवता येतात. धर्मवीराच्या तोंडी हा हिशेब शोभत नाही, पण त्याच्याच कृपेनं आम्ही जिवंत आहोत.

सहाव्या लेव्हलला त्याच्या भोवती एक प्रभाव पसरतो, दहा फुटांचा. त्यात जो उभा असेल त्याला संकटातून निसटायच्या प्रत्येक फाशावर अधिक तीन-चार मिळतात. फासा टाकायचा नाही, मागायचं नाही, काही जपायचं नाही. कागदावर हा जगातला सर्वोत्तम सपोर्ट आहे. त्याची एकच अडचण आहे. तो मिळावा म्हणून सगळे त्या दहा फुटांत येऊन दाटीवाटीनं उभे राहतात. आणि फायरबॉल नावाच्या आगीच्या गोळ्याची त्रिज्या वीस फूट असते. शत्रूच्या जादूगाराला आम्ही इतके नीट रचलेले आयुष्यात पुन्हा मिळणार नसतो. बरं, आग अंगावर आल्यावर तरी तो प्रभाव कुणाला आठवावा? "अकरा. जळालो." "पॅलडिनचे चार धरलेस का?" "अरे हो की!"

आर्टिफिसरवर थांबायचं कारण नाही. पाचव्या आवृत्तीत तो २०१९ मध्ये 'एबेरॉन'च्या पुस्तकातून आला, आणि त्याच्यातला अल्केमिस्ट रोज सकाळी एक फुकटचं औषध बनवतो. कोणतं, ते फासा ठरवतो. अर्धमेल्या माणसाच्या तोंडात आम्ही बाटली ओतली आणि त्याला दहा फुटांच्या वेगानं उडता यायला लागलं, एवढंच सांगतो.

एक क्लास मात्र असा होता ज्याच्यासाठी मी चिवडा सोडून भांडतो: वॉरलॉर्ड. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं सपोर्टला सरळ 'लीडर' अशी भूमिका देऊन टाकली आणि त्या रकान्यात क्लेरिकच्या शेजारी वॉरलॉर्डला बसवलं. याच्याकडे देव नाही, मंत्र नाही, बोरं नाहीत. हा लढवय्या सरदार आहे आणि तो पडलेल्या माणसाच्या अंगावर ओरडतो. माणूस बरा होतो. यावर जगभर वाद झाले. ओरडून जखम कशी भरेल, तुटलेला हात दम देऊन जोडला जातो का, असं लोक तावातावानं विचारत होते. ड्रॅगन उडतो कसा, हे त्यांच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

गायगॅक्सनं १९७९ मध्येच डीएमसाठीच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं, की एचपी म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे. त्यात कसब, नशीब, दैवाची साथ सगळं आलं. तसं असेल तर ओरडण्यात काय चुकलं? आणि मराठी माणसानं तर ही उपचारपद्धती अमान्य करूच नये. पोर अंगणात धाडकन आपटतं, गुडघा फुटतो, ते भोकाड पसरायला श्वास घेतं, तेवढ्यात ओट्यावरून आवाज येतो: "काही नाही झालं! ऊठ! ती बघ, मुंगी मेली!" पोर रडायचं विसरून मुंगी शोधायला लागतं. वॉरलॉर्ड अगदी हेच करतो, फक्त मुंगीच्या जागी ओग्र असतो. त्याचं कुणी विसरत नसे, कारण कानाशी ओरडलेलं विसरता येत नाही. पुढच्या आवृत्तीत त्याला जागाच मिळाली नाही. कुणाला मिळाली? आर्टिफिसरला.

आणि हे सगळे क्लास ज्यांना नको असतील त्यांच्यासाठीही सोय आहे. 'हेल्प' नावाची कृती कुणालाही करता येते. फायटरला, चोराला, कुणालाही. आपली पाळी सोडायची, दुसऱ्याला मदत करायची. त्याला वीसचे दोन फासे मिळतात, त्यातला मोठा धरायचा. सरासरी तीन-सव्वातीनचा फायदा, म्हणजे ब्लेसपेक्षा जास्त. स्पेल लागत नाही, लेव्हल लागत नाही, देव लागत नाही. आमच्या टेबलावर ती आजवर फक्त जादूगारबाईंच्या घुबडानं केलेली आहे.

घुबड सोडलं तर आमच्यात सपोर्टची खरी किंमत लावली गेली ती एकाच दुपारी, आणि त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. मी पडलो होतो.

खाणीच्या तोंडाशी दोन ओग्र होते. मी ब्लेस टाकून मागे उभा होतो. दुसरा ओग्र बाजूनं आला आणि त्यानं मला आडवा केला. आमचा डीएम याबाबतीत कडक आहे: पात्र बेशुद्ध, तर खेळाडूचं तोंड बंद. मी चिवड्याची वाटी ओढून गप्प बसलो. बार्डचा शेवटचा स्लॉट आदल्या रात्री सराईवाल्याला खोलीचं भाडं माफ करायला लावण्यात गेला होता. फायटरची पाळी आली.

"चौदा," तो म्हणाला.

डीएम तोंड उघडणार तेवढ्यात फायटरनं हात वर केला. "थांब! ब्लेस!" आणि कुणीही न सांगता, स्वतः होऊन, त्यानं तो टोकदार फासा उचलला, तळहातावर खुळखुळवला आणि टाकला. तीन. "सतरा! लागला!" त्यानं सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे तर विशेष बघितलं.

"ब्लेस संपलंय," डीएम म्हणाला.

"कधी?"

"हा पडला तेव्हा. एकाग्रता लागते त्याला. बेशुद्ध माणसाची कसली एकाग्रता?"

फायटर बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत राहिला. मग चोराकडे वळून म्हणाला, "अरे मग उचला की त्याला! बघताय काय?"

चोर म्हणाला, माझ्याकडे काही नाही. जादूगारबाई म्हणाल्या, माझ्याकडे इन्स्पिरेशनचा फासा आहे, पण तो राहू दे. बार्डनं फायटरला विचारलं, "तुझ्या पिशवीत काय आहे?" फायटरनं आपला कागद उलटा केला. मागच्या बाजूला, दोरखंड आणि मशालींच्या खाली, त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: हीलिंग पोशन, पाच.

"केव्हापासून आहेत या?" डीएमनं विचारलं.

"पहिल्याच मोहिमेत मिळाल्या होत्या," फायटर म्हणाला. "पण हा होता ना."